घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना आवाज का तुटतो, आणि कुठल्या सेटिंग्ज खरोखर बदलायच्या

गाणं रंगात आलेलं असतं आणि हेडफोनमध्ये मध्येच 'टक्' वाजतं. दोन ओळींनंतर पुन्हा 'टक्'. टास्क मॅनेजर उघडून पाहावं, तर प्रोसेसरचा वापर जेमतेम २० टक्के आणि अर्धी मेमरी रिकामी. एवढी ताकद शिल्लक असताना आवाज तुटतोच कसा?

घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे कोडं पडतं, आणि बरेच जण याच टप्प्यावर नवा कॉम्प्युटर घ्यायचा विचार करू लागतात. तो विचार आधी बाजूला ठेवा. एका वेळी एक-दोन माइक रेकॉर्ड करण्यासाठी गेल्या काही वर्षांतला कुठलाही साधारण कॉम्प्युटर पुरतो. ताकद त्याच्याकडे असते, पण तो वेळ पाळायला चुकतो. हा फरक एकदा नीट कळला, की कुठल्या सेटिंग्जना हात लावायचा आणि कुठल्या सल्ल्यांकडे लक्ष द्यायचं नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून सेटिंग्जची यादी देण्याआधी आत नेमकं काय चालतं ते पाहू.

चार मिनिटांत ९०,००० वेळा

सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असेल, तर ऑडिओ इंटरफेस (माइक आणि कॉम्प्युटर यांना जोडणारा डबा) माइकमधून आलेला आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. अशी प्रत्येक मोजणी म्हणजे एक सॅम्पल. एवढे आकडे एकेक करून कॉम्प्युटरकडे पाठवत बसणं परवडत नाही, म्हणून त्यांचे गठ्ठे बांधले जातात. एका गठ्ठ्यात किती आकडे, ती संख्या म्हणजे बफर साइज. बफर १२८ वर ठेवला तर सेकंदाला ३७५ गठ्ठे होतात. प्रत्येक गठ्ठा आला की कॉम्प्युटरने तो घ्यायचा, हार्ड डिस्ककडे रवाना करायचा, त्यावर काही इफेक्ट लावलेला असेल तर त्याचं गणित करायचं, आधीचे ट्रॅक त्यात मिसळायचे आणि तयार झालेला गठ्ठा परत इंटरफेसकडे द्यायचा. या सगळ्याला वेळ मिळतो २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात पुढचा गठ्ठा दारात उभा असतो.

चार मिनिटांच्या गाण्यात हे ९०,००० वेळा घडतं. ८९,९९९ वेळा काम वेळेत झालं आणि एकदाच उशीर झाला, तरी त्या एका ठिकाणी 'टक्' ऐकू येतं, कारण त्या क्षणी वाजवायला इंटरफेसच्या हातात काहीच नसतं.

टास्क मॅनेजरमधला २० टक्के हा आकडा सरासरीचा असतो. त्या सेकंदात प्रोसेसर एकूण किती वेळ कामात होता, एवढंच तो सांगतो. त्याच सेकंदात वायफायच्या ड्रायव्हरने (तो भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) प्रोसेसरला ५ मिलिसेकंद अडवून ठेवलं असेल, तर सरासरीत त्याचा मागमूसही लागत नाही. तुमच्या कानाला मात्र तो लागतो. त्यामुळे आपल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जो वेगळा ऑडिओ मीटर असतो, त्याच्यावर भरवसा ठेवा. दिलेल्या वेळेपैकी किती वेळ खर्च झाला, हे तो मीटर दाखवतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

बफर एकच नाही, दोन

बफरला घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. टाकी मोठी असेल तर वरून येणारं पाणी मिनिटभर थांबलं तरी खाली नळ चालू राहतो. टाकी इवलीशी असेल तर जरा खंड पडला की नळ कोरडा. मग मोठाच बफर का ठेवू नये? कारण जितका बफर मोठा, तितका आवाज आत जाऊन बाहेर यायला उशीर. यालाच लेटन्सी म्हणतात.

४८ किलोहर्ट्झवर ६४ चा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. पण हे झालं एका बाजूचं. माइकमधून आत येताना एक बफर आणि हेडफोनकडे जाताना दुसरा, म्हणजे हिशेब दुप्पट. शिवाय इंटरफेसमध्ये आवाजाचे आकडे करायला आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायला थोडा वेळ जातो, आणि अनेक ड्रायव्हर आपल्याला न दाखवता स्वतःपुरता थोडा जास्तीचा साठा ठेवतात. म्हणून १२८ च्या बफरवर येण्याजाण्याचा एकूण उशीर गणिताने ५.३ येत असला, तरी प्रत्यक्षात त्यात काही मिलिसेकंदांची भर पडते.

किती उशीर चालतो? आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. अॅम्प्लिफायरपासून ३ मीटरवर उभं राहून गिटार वाजवणारा माणूस ९ मिलिसेकंदांच्या उशिराने स्वतःचं वाजवणं ऐकत असतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. गायकाचं तसं नसतं. स्वतःचा आवाज त्याला हाडांमधून, कवटीतून, त्याच क्षणी ऐकू येत असतो, आणि त्यावर हेडफोनमधला उशिरा आलेला आवाज चढतो. दोन्ही मिसळून आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटू लागतो. लय चुकते असं नाही, पण सूर लावताना काहीतरी खटकत राहतं आणि गायकाला का ते सांगता येत नाही. येऊन-जाऊन उशीर १० मिलिसेकंदांच्या आत ठेवला, तर बहुतेकांचं भागतं. काहींना तेवढाही जाणवतो, आणि त्यांचं म्हणणं खरं मानावं.

यातून निघणारी एक गोष्ट मला बाकी सगळ्या सेटिंग्जपेक्षा महत्त्वाची वाटते. बफर ही एकदा ठरवून विसरून जायची सेटिंग नाही. रेकॉर्ड करताना तो लहान ठेवायचा, ६४ किंवा १२८, फार तर २५६. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग (सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवणं) सुरू झालं की सरळ ५१२ किंवा १०२४ करायचा. मिक्सिंगमध्ये कोणी गात नसतं, तेव्हा प्ले दाबल्यावर आवाज २० मिलिसेकंद उशिरा आला तर काय बिघडतं? उलट प्रोसेसरला गठ्ठ्यामागे आठपट जास्त वेळ मिळतो. आपला कॉम्प्युटर 'झेपत नाही' म्हणणारे कितीतरी लोक १२८ च्या बफरवर ४० ट्रॅक मिक्स करत असतात. त्यांना फक्त हा एक आकडा बदलायचा असतो.

आणखी एक वाट आहे, जी बफरला वळसा घालून जाते. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण किंवा नॉब असतो. तो चालू केला की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न शिरता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला मिळतो. उशीर जवळपास शून्य, मग बफर १०२४ असला तरी हरकत नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर आपलाच आवाज दोनदा ऐकू येईल. डायरेक्ट मॉनिटरिंगवर गायकांची एक तक्रार असते: आवाज अगदी कोरडा लागतो, गायला मजा येत नाही. त्यावर उपाय आहे, फक्त त्यासाठी त्या ट्रॅकचं सॉफ्टवेअर मॉनिटरिंग चालू ठेवावं लागतं. माइकच्या ट्रॅकवरून रिव्हर्बला (गूंज देणाऱ्या इफेक्टला) सेंड द्या, म्हणजे आवाजाची एक प्रत पाठवा, सेंड फेडरच्या (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्टीच्या) आधीचा ठेवा, ट्रॅकचा स्वतःचा फेडर पूर्ण खाली ओढा आणि रिव्हर्ब १०० टक्के वेट करा, म्हणजे त्यातून नुसती गूंज येईल. आता मूळ आवाज थेट येतो आणि त्याची गूंज तेवढी सॉफ्टवेअरमधून किंचित उशिरा. गूंज खऱ्या खोलीतही उशिराच येते, त्यामुळे कानाला ते अगदी नैसर्गिक वाटतं.

ड्रायव्हर

विंडोजवर हा भाग टाळता येत नाही. विंडोजची आवाजाची नेहमीची वाट सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्यासाठी बनवलेली आहे. ब्राउझरमधला व्हिडिओ, मेसेजची घंटी आणि तुमचं रेकॉर्डिंग, सगळं तिथे एका रांगेत लागतं, आणि त्यात सहज दहा-वीस किंवा त्याहून जास्त मिलिसेकंद जातात. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेला एएसआयओ हा ड्रायव्हरचा प्रकार ही रांग टाळून सॉफ्टवेअरला थेट इंटरफेसशी जोडतो. म्हणून इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून त्याच मॉडेलचा एएसआयओ ड्रायव्हर उतरवून घ्या आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. केबल जोडली आणि आवाज आला, म्हणजे काम झालं असं समजू नका. विंडोजने स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावून दिलेला असू शकतो.

वेगळा इंटरफेस नसेल आणि लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डवरच काम करायचं असेल, तर एएसआयओ४ऑल नावाचा मोफत ड्रायव्हर बऱ्यापैकी मदत करतो. तो खरा एएसआयओ नाही, विंडोजच्याच ड्रायव्हरवर घातलेलं आवरण आहे, पण रांग चुकवण्याचं काम तो करतो. खरा ड्रायव्हर उपलब्ध असताना तो वापरण्यात मात्र काही अर्थ नाही.

मॅकवर ही खटपट नसते, कारण कोअर ऑडिओ ही व्यवस्था सिस्टिममध्येच आहे आणि ती कमी लेटन्सीचा विचार करूनच बांधलेली आहे. लिनक्सवर हे काम आधी जॅक नावाची व्यवस्था करायची, आता बऱ्याच ठिकाणी पाइपवायर करतं. तिथे आपल्या युजरला रिअल-टाइम प्राधान्याची परवानगी मिळालेली आहे ना, एवढं तपासावं लागतं.

हेडफोन ब्लूटूथचे असतील तर वरचं सगळं वाया जातं. ब्लूटूथमध्ये उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि कुठल्याही सेटिंगने तो रेकॉर्डिंगला चालेल इतका खाली येत नाही. तारेचे हेडफोन घ्या.

मध्येच कोण आडवं येतं?

बफर ठीक आहे, ड्रायव्हर ठीक आहे, तरी 'टक्' येतंच. आता शोध घ्यायचा तो घुसखोराचा.

वायफाय, ग्राफिक्स, ब्लूटूथ, बॅटरी अशा प्रत्येक भागाचा स्वतःचा ड्रायव्हर असतो आणि त्याला अधूनमधून प्रोसेसरची तातडीने गरज पडते. विंडोज अशा तातडीच्या कामांना साध्या प्रोग्रॅमच्या पुढे जागा देतं, आणि आपलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर त्या क्षणी मागे उभं राहतं. नीट लिहिलेला ड्रायव्हर हे काम एका मिलिसेकंदाच्या छोट्याशा हिश्शात उरकतो. वाईट लिहिलेला ड्रायव्हर कित्येक मिलिसेकंद अडून बसतो, आणि २.७ मिलिसेकंदांची मुदत तिथेच उलटते. म्हणून महागडा गेमिंग लॅपटॉपसुद्धा रेकॉर्डिंगला त्रास देऊ शकतो आणि त्याच्याहून साधं मशीन निर्धास्त चालतं.

हा घुसखोर पकडायला लेटन्सीमॉन नावाचं विंडोजसाठीचं साधन आहे. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बंद करून ते १०-१५ मिनिटं चालू ठेवा. सगळ्यात जास्त वेळ कोणत्या ड्रायव्हरने अडवला, त्याचं नाव ते दाखवतं. नावं सांकेतिक असतात, पण ओळखता येतात: एनडीआयएस दिसलं तर नेटवर्क, डीएक्सजी दिसलं तर ग्राफिक्स, एसीपीआय दिसलं तर वीज आणि बॅटरीचा कारभार. नाव कळलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो एकच भाग तात्पुरता डिसेबल करा आणि पुन्हा मोजा. फरक पडला तर चोर सापडला. मग आधी त्या भागाचा ताजा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घालून पाहा; त्यानेही भागलं नाही तर रेकॉर्डिंगपुरता तो भाग बंद ठेवा.

वायफाय हा सगळ्यात नेहमीचा संशयित आहे, आणि त्याला बंद करायला एक बटण पुरतं. बॅटरीचं प्रकरण कमी लोकांना ठाऊक असतं: काही लॅपटॉपमध्ये बॅटरी किती उरली हे दर काही सेकंदांनी विचारलं जातं आणि नेमकं तेव्हाच 'टक्' येतं. आवाज ठरावीक अंतराने तुटत असेल तर हे नक्की तपासा. चार्जर लावून डिव्हाइस मॅनेजरमधली एसीपीआय बॅटरीची नोंद डिसेबल करा. काम संपल्यावर पुन्हा एनेबल करा, कारण तोवर बॅटरीची टक्केवारी दिसणार नाही.

वीज वाचवणारा कॉम्प्युटर

आजचे प्रोसेसर काम नसलं की स्वतःचा वेग उतरवतात, काही कोअर झोपवतात. इतर कामांना हे छान आहे. रेकॉर्डिंगमध्ये मात्र दोन गठ्ठ्यांच्या मधल्या मिलिसेकंदातच प्रोसेसरला वाटतं की आता काही काम नाही, तो पेंगतो, आणि गठ्ठा आला की त्याला जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नाही. तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर मोडमध्ये बेस्ट परफॉर्मन्स मिळेल. हा पर्याय निवडून लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवा, कारण बॅटरीवर असताना अनेक लॅपटॉप कुठलीही सेटिंग न जुमानता वेग कमी करतात. मॅकवर लो पॉवर मोड बंद असल्याची खात्री करा.

याच पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची नोंद असते. ती डिसेबल करा. नाहीतर गाण्यांच्या मध्ये थोडी विश्रांती घेतली की विंडोज इंटरफेस जोडलेला पोर्ट झोपवू शकतं, आणि मग इंटरफेस मध्येच 'दिसेनासा' होतो.

यूएसबीबद्दल आणखी थोडं. इंटरफेस थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडा, हबमधून नको. वेब कॅमेरा आणि बाहेरची हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा; एकाच बाजूचे पोर्ट आत बहुधा एकाच नियंत्रकाला जोडलेले असतात आणि तिथे गर्दी होते. वेगवान पोर्टच हवा असा आग्रह धरू नका. घरगुती इंटरफेसपैकी बरेचसे यूएसबी २ वर चालतात आणि तिथला ४८० मेगाबिटचा वेग दोन-चार माइकच्या आवाजाला भरपूर पुरतो.

लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग घटवतो. तो गादीवर किंवा उशीवर ठेवून रेकॉर्डिंग करू नका.

एक फरक मात्र ओळखायला शिका. 'टक्', 'चर्र', तुकडे पडणं, हे सगळं वेळ चुकल्याचं लक्षण. सतत चालणारी घूं किंवा माउस हलवताना येणारी बारीक किणकिण हे वेगळंच दुखणं आहे; ते विजेच्या जोडणीतून येतं आणि बफर कितीही बदलला तरी जात नाही. चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहा. घूं थांबली तर दोष चार्जर आणि अर्थिंगच्या बाजूला आहे. मग कॉम्प्युटर, इंटरफेस आणि स्पीकर एकाच सॉकेटवरून घ्या आणि इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल लावा.

डिस्क, मेमरी आणि जुने सल्ले

डिस्कबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका माइकचा आवाज सेकंदाला १४४ किलोबाइट जागा घेतो, मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या आसपास. १६ ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला २.३ मेगाबाइट. जुनी फिरती हार्ड डिस्कही हे सहज पेलते. एसएसडीची खरी गरज पडते ती मोठ्या सॅम्पल लायब्ररीसाठी (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहासाठी), जिथे पियानोची एक पट्टी दाबली की डिस्कवरच्या भलत्याच कोपऱ्यातली फाइल क्षणात हवी असते. मेमरीही तिथेच लागते. फक्त आवाज आणि एखादं वाद्य रेकॉर्ड करणाऱ्याला ८ जीबीतही काम करता येतं. वाद्यांच्या लायब्ररी वापरणाऱ्याने १६ च्या पुढे जावं.

डिस्कचा वेग पुरेसा असला तरी तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दोन प्रोग्रॅम त्रास देतात. अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासतो, म्हणून प्रोजेक्ट आणि सॅम्पलची फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. अँटिव्हायरस पूर्ण बंद करायची गरज नाही. दुसरा, क्लाउडवर आपोआप प्रत पाठवणारा प्रोग्रॅम. प्रोजेक्टचं फोल्डर त्याच्या हद्दीत असेल, तर तुम्ही गात असताना तो तीच वाढती फाइल पुन्हा पुन्हा वर चढवायचा प्रयत्न करतो. रेकॉर्डिंग साध्या स्थानिक फोल्डरमध्ये करा आणि काम संपल्यावर प्रत पाठवा. प्रत पाठवायची मात्र नक्की. डिस्क गेली तर गायलेलं गाणं परत येत नाही.

आता जुने सल्ले. पेज फाइल (मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) बंद करा, खिडक्यांच्या सावल्या आणि अॅनिमेशन काढून टाका, डझनभर सर्व्हिसेस थांबवा, रजिस्ट्री साफ करणारं सॉफ्टवेअर चालवा. यातले बरेच सल्ले मेमरी मेगाबाइटमध्ये मोजली जायची त्या काळातले आहेत. आज त्यांचा फायदा ऐकू येण्याइतका नसतो, आणि पेज फाइल बंद केल्याने मेमरी संपताच सॉफ्टवेअर कोसळून अख्खा टेक (त्या वेळचं रेकॉर्डिंग) जाऊ शकतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्यांपासून तर दूरच राहा. कुठलाही सल्ला मिळाला की एवढंच विचारा: याने प्रोसेसरला मध्येच अडवणारं काही कमी होतं का? होत नसेल तर सोडून द्या.

सॅम्पल रेट आणि लेव्हल

सॅम्पल रेट ४४.१ किंवा ४८ ठेवा. व्हिडिओसाठी काम असेल तर ४८. ९६ किलोहर्ट्झवर प्रोसेसरचं आणि डिस्कचं काम दुप्पट होतं, आणि घरच्या खोलीत एका माइकने घेतलेल्या गाण्यात त्याचा फरक ऐकू येईल असं मला वाटत नाही. ती ताकद लहान बफरसाठी राखून ठेवणं जास्त शहाणपणाचं. बिट डेप्थ (प्रत्येक सॅम्पल किती बारकाईने नोंदवायचा ते) मात्र २४ च हवी. १६ बिटमध्ये सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर तत्त्वतः ९६ डेसिबल मिळतं, २४ बिटमध्ये १४४. व्यवहारात याचा अर्थ असा की लेव्हल काठोकाठ भरायची गरज उरत नाही. सर्वांत जोरकस जागा मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (इंटरफेसवरचा माइकचा आवाज वाढवणारा नॉब) लावा. वर जागा शिल्लक ठेवली तर बिघडत नाही. शून्याला धडकून फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही.

प्रोजेक्टमध्ये, इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये सॅम्पल रेट एकच ठेवा (मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये). ४४.१ वर घेतलेलं गाणं ४८ वर वाजलं तर ते जवळपास नऊ टक्के वेगाने पळतं आणि दीड सेमीटोनने चढतं. सूर अचानक वर गेल्यासारखा वाटला तर आधी हाच आकडा पाहा.

त्याच साउंड सेटिंगमध्ये असताना तीन लहान कामं उरकून घ्या. सिस्टिमचे सगळे आवाज बंद करा. ऑडिओ एन्हान्समेंट असं काही चालू असेल तर तेही बंद करा, कारण ते तुमच्या नकळत आवाजात ढवळाढवळ करतं. आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला माइक वापरायची परवानगी दिली आहे का पाहा. विंडोज आणि मॅक दोन्हींत ती प्रायव्हसीच्या भागात असते. सगळं जोडलंय, मीटर मात्र हलत नाही, तर बऱ्याचदा हीच परवानगी राहिलेली असते.

बफर ६४, तरीही उशीर

कधी कधी बफर अगदी लहान असतो, 'टक्' येत नाही, पण हेडफोनमधला आवाज मागून येतो. तेव्हा कॉम्प्युटरकडे बोट दाखवू नका, प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये लावलेले इफेक्ट) तपासा. लिनियर फेज इक्वलायझर आणि पुढचा आवाज आधीच पाहून काम करणारे लिमिटर यांना त्यांच्या स्वभावानेच उशीर लागतो. मास्टर ट्रॅकवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात) असा एक लिमिटर असला की सॉफ्टवेअर बाकी सगळे ट्रॅक त्याच्यासाठी थांबवतं, आणि गायकाला तो सगळा उशीर सोसावा लागतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टर रिकामा ठेवा. काही सॉफ्टवेअरमध्ये असे प्लगइन एका बटणाने तात्पुरते बाजूला करण्याची सोय असते, ती शोधून ठेवा.

उलट एकच ट्रॅक खूप जड झाला असेल, म्हणजे भारी सिंथ आणि त्यावर पाच-सहा इफेक्ट, तर आठ कोअरचा प्रोसेसरही त्याला पुरा पडत नाही. एका ट्रॅकवरचे इफेक्ट एकामागून एकच चालवावे लागतात, कारण दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर हवं असतं. ते सारं एका कोअरवर पडतं आणि बाकीचे कोअर नुसते पाहत राहतात. असा ट्रॅक फ्रीझ करा. सॉफ्टवेअर त्याची तयार ऑडिओ फाइल बनवतं आणि भार जवळपास शून्यावर येतो; बदल करायचा झाला की अनफ्रीझ.

शेवटची चाचणी

सेटिंग बदलताना एका वेळी एकच बदला आणि दहा मिनिटं ऐका. सहा गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोध.

सगळं स्थिर झालं की एक केबल घ्या आणि इंटरफेसच्या आउटपुटमधून त्याच्याच इनपुटमध्ये लावा. डायरेक्ट मॉनिटरिंग आणि त्या नव्या ट्रॅकचं सॉफ्टवेअर मॉनिटरिंग आधी बंद करा, नाहीतर आवाज गोल गोल फिरून किंचाळू लागेल. मग एका ट्रॅकवर ठळक क्लिक वाजवा आणि ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही वेव्हफॉर्म खूप मोठ्या करून एकाखाली एक पाहा. त्या तंतोतंत जुळल्या तर उत्तम. रेकॉर्ड झालेली क्लिक मागे असेल, तर ड्रायव्हरने आपला उशीर सॉफ्टवेअरला पूर्ण सांगितलेला नाही, आणि तुमचा प्रत्येक टेक तेवढ्या अंतराने तालाच्या मागे पडत आला आहे. किती सॅम्पलचा फरक आहे ते मोजा (४८ किलोहर्ट्झवर ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद) आणि सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये तो आकडा भरा. क्लिक पुढे असेल तर उलट चिन्हाने भरा. पुन्हा एकदा क्लिक रेकॉर्ड करून दोन्ही रेषा जुळल्याची खात्री करून घ्या. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला, किंवा ड्रायव्हरची नवी आवृत्ती घातली, तर ही चाचणी पुन्हा करावी लागते.